‘गावात जाणे’ थांबले तर!

इंदिरानगरातील जुन्या बिऱ्हाडांतून आजही एक वाक्य अधूनमधून कानी पडते : ‘जरा गावात जाऊन येतो.’ बोलणारा मनुष्य कोठल्या खेड्याला निघालेला नसतो. रथचक्र चौकातून निघावे, बोगद्यातून मुंबई-आग्रा रस्ता ओलांडावा, मुंबई नाक्यावरून शालिमारला यावे आणि तेथून पायी मेनरोडला लागावे, एवढाच त्याचा प्रवास. तरीही तो त्या भागाला ‘गाव’ म्हणतो आणि आपण राहतो त्या जागेला नुसते ‘नगर’. पन्नास वर्षांच्या वसाहतीनंतरही नाशिककराच्या जिभेने गाव कोणते व विस्तार कोणता हा भेद विसरलेला नाही. आमची चिंता अशी की, हे वाक्य आता घरातील वडीलधाऱ्यांच्याच तोंडी उरले आहे. त्यांची नातवंडे ‘गावात’ जात नाहीत. त्यांना तेथे जाण्याचे कारणच राहिलेले नाही. कारण का राहिले नाही, ते कोणी नाहीसे केले आणि त्यात इंदिरानगरासारख्या सुखवस्तू उपनगराचे काय बिघडले, या तीन प्रश्नांचा विचार आज येथे करावयाचा आहे.

उंटवाडी भागात एक प्रशस्त, वातानुकूलित व्यापारी संकुल उभे आहे. त्याचे नाव ‘सिटी सेंटर’. नाशिकचा नकाशा समोर ठेवला तर हे ‘केंद्र’ गोदावरीच्या काठी नाही, रविवार कारंजावर नाही आणि शालिमारलाही नाही. ज्या जागी शेतमळे होते त्या जागी ते उभे राहिले आणि नगरीच्या मध्याचे नाव स्वतःस लावून मोकळे झाले. त्यात आम्ही कोणाचा दोष काढीत नाही. व्यापाऱ्याने आकर्षक पाटी लावावी, हा त्याचा धर्मच आहे. परंतु त्या पाटीने नकळत एक सत्य सांगितले आहे. नगरीचा मध्य ही आता पिढ्यांनी घडविलेली जागा राहिलेली नसून, भांडवल, मोटारी आणि मोकळी जमीन एकत्र आली की कोठेही उभारता येणारी वस्तू झाली आहे, असे आजचे युग मानते. हे मानणे बरोबर आहे काय?

जुने नाशिक ज्यांनी पाहिले आहे त्यांना मध्य म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. सराफ बाजारात पेशवेकालीन सरकारवाडा, त्याच्या अंगणाशी सोन्याचांदीच्या पेढ्या, पलीकडे भांडी बाजार, तांबट लेनमधील ठोक्यांचा आवाज, दहीपूल, कानडे मारुती लेन, बोहोरपट्टी, भद्रकाली, रविवार कारंजावरील चांदीचा गणपती, आणि सगळ्यांच्या उताराला गोदावरी, जिला येथील माणूस प्रेमाने ‘गंगा’च म्हणतो. गंगेवर बुधवारी आठवडे बाजार भरतो. त्याच काठावर यशवंतराव महाराज पटांगणात शंभरी ओलांडलेली वसंत व्याख्यानमाला होते. हाकेच्या अंतरावर १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. लग्नाचा बस्ता बांधणारा शेतकरी, पितळी समई पारखणारी सासुरवाशीण, दशक्रियेसाठी आलेला यात्रेकरू, व्याख्यानाला निघालेला शिक्षक आणि डोक्यावर पोते वाहणारा हमाल, हे सर्व एकाच गल्लीत एकमेकांना धक्का देत जात. हा धक्का गैरसोयीचा होता खरा. पण परस्परांची ओळख त्यानेच पटत असे. ज्यांचा धर्म वेगळा, जात वेगळी, खिसा वेगळा अशी माणसे रोज एकाच रस्त्याची वाटेकरी होतात ते ठिकाण म्हणजे नगरीचा मध्य. विक्रीची दुकाने हा त्याचा केवळ एक भाग होय.

हा मध्य एका रात्रीत उठला नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सातपूरच्या, पुढे अंबडच्या माळावर कारखाने आले. कामगारांना घरे हवी होती. सिडकोने सहा योजनांतून नवे नाशिक वसविले. १९८२ च्या नोव्हेंबरात नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली व तिची हद्द सुमारे २५९ चौरस किलोमीटरांपर्यंत पसरली. २००१ च्या जनगणनेत पावणेअकरा लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये १४ लाख ८६ हजारांवर गेली. एवढी माणसे तिवंध्यात आणि भद्रकालीत मावली नसती. वाड्यातील एका खोलीत सात माणसे, सामायिक शौचकूप आणि पावसाळ्यात गळणारे माळवद यांना कंटाळून जे कुटुंब इंदिरानगरात दोन खोल्यांची सदनिका घेऊन राहावयास आले, त्याने कोणाचा द्रोह केला नाही. स्वच्छ हवा, स्वतःचा नळ आणि मुलांना खेळावयास जागा मागणे हा गुन्हा असेल तर आम्ही सारेच गुन्हेगार आहोत. म्हणून उपनगरे का वाढली, हा आमचा प्रश्न नाही. उपनगरे वाढत असताना मध्य का खचावा, हा आहे.

याचे उत्तर केवळ नाशकात सापडावयाचे नाही. १९५६ हे साल घ्या. त्या वर्षी अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या वाहतूक व्यावसायिकाने न्यूअर्कहून ह्यूस्टनला लोखंडी पेट्यांत बंद केलेला माल जहाजाने धाडला. आज ज्याला आपण कंटेनर म्हणतो त्याचा हा आरंभ. ऑक्टोबरमध्ये मिनेसोटा राज्यात साउथडेल नावाचे छताखालील वातानुकूलित बाजारसंकुल उघडले. पहिल्या घटनेने माल कोठे तयार होतो याचे महत्त्व कमी केले; दुसरीने तो कोठे विकला जातो याचे. तांबट लेनमधील कारागिराचा ग्राहक हजारो मैलांवरच्या कारखान्याने पळविला आणि मेनरोडच्या दुकानदाराचा ग्राहक मोटार उभी करण्याच्या सोयीने नेला, त्या दोन्ही प्रवाहांची उगमस्थाने एकाच वर्षातील आहेत. गंमत अशी की, साउथडेलचा रचनाकार व्हिक्टर ग्रूएन हा मूळचा व्हिएन्नाचा. आपल्या गावच्या चौकासारखी माणसांना एकत्र आणणारी जागा अमेरिकेच्या उपनगरांना द्यावी, असा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात उभे राहिले ते मोटारतळांच्या समुद्रातील दुकानांचे बेट. पुढे त्याने स्वतःच आपल्या या अपत्याशी नाते तोडले. अमेरिकेतील कित्येक शहरांचे मध्य त्यानंतर सायंकाळी सहानंतर ओस पडू लागले आणि १९६१ साली जेन जेकब्ज या विदुषीने आपल्या ग्रंथात याबद्दल राज्यकर्त्यांना व नियोजनकारांना खडसावले. आपल्याकडे मात्र ते अनुकरण अर्धशतक उशिरा, आणि त्यातील चूक कळून चुकल्यावर, आले.

पहिली लाट मोटारीची होती. दुसरी दूरध्वनीच्या पडद्यावरून आली. २०१३ नंतर घरबसल्या खरेदीच्या विदेशी व देशी कंपन्यांनी हिंदुस्थानात जोर धरला. २०१६ साली मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय व्यवस्था आली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीने उरल्यासुरल्या ग्राहकालाही उंबरठ्याच्या आत राहावयास शिकविले. यांपैकी प्रत्येक गोष्टीचे समर्थन करता येईल. काहींचे आम्हीही करू. रस्त्यावरील भाजीवालीच्या गाडीवर आज पैसे घेण्याची खूणपट्टी लटकते, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु या साऱ्यांचा एकत्र परिणाम असा की, ज्या दुकानात ग्राहक पाऊलही टाकीत नाही अशी दुकाने आता निर्माण झाली आहेत. बंद दाराआड मालाच्या मांडण्या असतात, बाहेर दुचाकीवर तरुण मुले ताटकळतात आणि दहा-वीस मिनिटांत कोथिंबिरीपासून कापसाच्या वातींपर्यंत सर्व काही घरपोच येते. सोय मोठी आहे. पण त्या सोयीत माणूस माणसाला भेटत नाही. पोचविणाऱ्या मुलाचे नाव आपणांस ठाऊक नसते आणि त्याला आपल्या दाराच्या क्रमांकापलीकडे काही ठाऊक नसते. इंग्लंडात वूलवर्थ्‌स या जुन्या दुकानमालिकेची आठशेहून अधिक दुकाने जानेवारी २००९ पर्यंत बंद झाली आणि गावोगावच्या मुख्य पेठांना जणू दात पडल्यासारखी भगदाडे पडली. एवढे मोठे दुकान जेथे टिकले नाही तेथे भांडी बाजारातील दहा फुटी गाळ्याने कशाच्या जोरावर टिकावे?

तिसरी लाट अधिक फसवी आहे, कारण ती मध्याला मारीत नाही, सजविते. लंडनमधील गरीब वस्त्यांत सुखवस्तू लोक शिरतात, घरे रंगवितात, भाडी वाढतात आणि मूळचे रहिवासी निघून जातात, या घटनेला १९६४ साली रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी नाव दिले. पुढे तीर्थाटन आणि पर्यटन यांच्या पैशाने हेच काम अधिक वेगाने केले. इटलीतील व्हेनिस हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्या नगरीच्या ऐतिहासिक भागात सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ साली ती पन्नास हजारांच्या खाली गेली. इमारती सुरेख राहिल्या, पाहुणे वाढले, एवढे की २०२४ पासून काही दिवसांपुरते प्रवेशशुल्क घ्यावे लागले. पण तेथे दूध, वह्या, चपला विकणारी दुकाने कमी झाली, कारण त्या घेणारे शेजारीच उरले नाहीत.

नाशिकने ही तिसरी लाट विशेष सावधपणे पाहावयास हवी. २०२६-२७ चा सिंहस्थ आणि त्यानिमित्त येणारा अफाट निधी यांच्या योजनांत रामकुंड, काळाराम मंदिर, घाट आणि त्यांकडे जाणारे रस्ते यांना अग्रस्थान आहे. ते असणे स्वाभाविक आहे. यात्रेकरूची सोय झालीच पाहिजे. गोदावरीची स्वच्छता तर त्याहून आधी झाली पाहिजे. पण दगडी फरशी, कमानी, दिव्यांची रोषणाई आणि एकाच रंगाच्या दर्शनी भिंती म्हणजे जुने गाव सुधारले, असे जर कारभारी मंडळी समजत असतील तर आम्हांस स्पष्ट सांगितले पाहिजे की, ती सुधारणा नाटकाच्या पडद्याची आहे. पडद्यामागील घर कोसळत असताना पडद्याची रंगरंगोटी करण्यात शहाणपणा कोणता?

घरे कोसळत आहेत, हे अलंकारिक विधान नव्हे. पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, वाडे रिकामे करावयास सांगते, आणि दरवर्षी कोठे ना कोठे एखादी भिंत रस्त्यावर येतेच. काझीच्या गढीवरील माती ढासळू लागली की तेथील कुटुंबांना तात्पुरते हलविण्याची धावपळ दर वर्षाचीच. हे दैव आहे काय? मुळीच नाही. याची मुळे आपल्या कायद्यांत आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाला रस्त्यावर येऊ न देण्यासाठी ते आवश्यक होते. पण तात्पुरता टेकू कायमचा खांब झाला. १९९९ च्या कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढीस मुभा दिली, तीही मूळच्या क्षुल्लक रकमेवर. परिणाम असा की, घरमालकाला कौले बदलण्याइतकेही भाडे मिळत नाही, भाडेकरूला दुरुस्तीस पदरचा पैसा घालण्याची हमी नाही, आणि बांधकाम व्यावसायिक वाडा पडण्याची वाट पाहत उभा. तिघांपैकी कोणीही दुष्ट नाही. पण कायद्याने तिघांचाही स्वार्थ वाड्याच्या पडण्याशी बांधून ठेवला आहे. मुंबई बेटावर हाच प्रश्न उग्र झाला तेव्हा १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमण्यात आले, जुन्या इमारतींवर उपकर बसविण्यात आला आणि त्यातून डागडुजी करण्याची व्यवस्था झाली. ती व्यवस्था निर्दोष नाही. पण ती मुंबईपुरतीच राहिली. नाशिकच्या वाड्यांनी असे काय पाप केले?

भाड्याच्या जोडीला पाणी. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ च्या महापुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजार पाण्याखाली गेले. २००८ नंतर निळी व लाल पूररेषा आखली गेली. ती आखणे योग्यच होते, कारण पुराला मतदान करून मागे हटविता येत नाही. परंतु रेषेच्या आतील जुन्या घरांचे काय करावयाचे, याचे उत्तर रेषा आखणाराने दिले नाही. बांधू द्यावयाचे नाही, दुरुस्तीचे सुलभ नियम नाहीत, इतरत्र हक्काची जागाही नाही. गावठाणाच्या समूह पुनर्विकासाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. चर्चेने भिंतीला टेकू मिळत नाही.

आणखी एक कारण फारसे बोलले जात नाही. ते महापालिकेच्या तिजोरीत आहे. जकात होती तोवर पेठेत येणारी प्रत्येक मालगाडी नगरीच्या उत्पन्नात भर घालीत असे. पेठ चालली तर पालिका चाले. २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने तोही घेतला, आणि पालिका राज्याच्या भरपाईवर, घरपट्टीवर व नव्या बांधकामांच्या शुल्कावर अवलंबून राहिली. ज्या संस्थेचे उत्पन्न कडेच्या नव्या इमल्यांतून येते, तिचे लक्ष मध्याच्या जुन्या गल्लीकडे कितीसे राहणार? त्यातच मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. रस्ते खणले गेले, बुजविले गेले, पुन्हा खणले गेले. आणि आपल्या दारातील खड्डा किती दिवसांचा, हे दुकानदाराने ज्याला विचारावे असा लोकनियुक्त प्रतिनिधीच नव्हता.

येथे कोणी म्हणेल की, ही सारी गतकाळाची हळहळ आहे. जुन्या नाशकात काय सोने सांडले होते? या आक्षेपात तथ्य आहे आणि आम्ही ते टाळू इच्छीत नाही. ज्या मध्याचे आम्ही गुण गातो, तो मध्य सर्वांना सारखा खुला नव्हता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे झगडले, तरी दार उघडले नाही. म्हणूनच आम्ही जुन्या गावाला पुन्हा जुने करा, असे म्हणत नाही. उलट असे म्हणतो की, तो लढा मध्यात झाला याला अर्थ आहे. नगरीच्या हृदयात प्रवेश मिळणे म्हणजे नगरीत स्थान मिळणे, हे त्या सत्याग्रहींनी ओळखले होते. १९०९ साली विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेही याच गावात. सभा, मोर्चे, मिरवणुका, निषेध, रंगपंचमीच्या रहाडी हे सारे मध्यात होते, कारण तो कोणाच्या मालकीचा नाही. वातानुकूलित संकुलात सत्याग्रह करता येत नाही; तेथे दारावरचा रखवालदार नम्रपणे बाहेर काढतो. ज्या शहराला सर्वांच्या मालकीची जागा उरत नाही, त्या शहरातील दुबळ्याला आपले गाऱ्हाणे मांडण्यास जागा उरत नाही.

आता इंदिरानगरच्या वाचकाला त्याचा स्वतःचा प्रश्न विचारू. तुमचे यात काय बिघडले? आमचे उत्तर असे की, तुम्हांस रस्ते मिळाले, उद्याने मिळाली, चालण्यासाठी आखीव पट्टा मिळाला, सकाळी मोदकेश्वराचे दर्शन मिळाले. पण मध्य मिळाला नाही. वडाळा-पाथर्डी रस्त्यावर संध्याकाळी भाजीच्या गाड्या लागतात, तेथे जो गलबला होतो तोच तुमच्या वस्तीतील बाजार. त्याला मंडई नाही, छप्पर नाही, आणि अतिक्रमणाची गाडी आली की तोही पळतो. वाचनालय, नाट्यगृह, मोठी सभा, जुन्या माणसांची ओळख या सर्वांसाठी तुम्हांस बोगदा ओलांडून यावे लागते, आणि त्या बोगद्यातील कोंडीचा अनुभव आम्ही वर्णन करण्याची गरज नाही. २०१३ साली महामार्गावर उड्डाणपूल झाला; परगावच्या मोटारी नाशिक न पाहताच वरून निघून जाऊ लागल्या. खालची वाट मात्र अरुंदच राहिली. उद्या गाव ओस पडले तर हा बोगदा ओलांडण्याचे कारण संपेल. मग इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, नाशिकरोड ही एकमेकांशी कामापुरते बोलणारी वसतिगृहे होतील. त्यांना पिनकोड असेल. गाव असणार नाही.

जगाचा प्रवाह थोपवा, असे आम्ही सांगत नाही. मोबाईल फेकून द्या, असेही नाही. पण प्रवाहाला पाट काढून देता येतो, हे शेतकऱ्याच्या या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये १९६२ च्या नोव्हेंबरात मुख्य पेठेतील रस्ता मोटारींस बंद केला गेला. आपला धंदा बुडेल, असे म्हणून व्यापाऱ्यांनीच ओरड केली. तो प्रयोग पुढे जगभर आदर्श ठरला, कारण पायी चालणारा मनुष्य थांबतो, पाहतो आणि विकत घेतो. मोटारीतला पुढे जातो. मेनरोडला हे का जमू नये? आमच्या मागण्या मोजक्या आणि करता येण्याजोग्या आहेत.

पहिली : गावठाणातील प्रत्येक जुन्या वाड्याची पाहणी करून, त्यातील मालक, भाडेकरू व दुकानदार यांची नावे व त्यांच्याकडील क्षेत्रफळ यांची नोंद वाडा पडण्यापूर्वी करावी आणि त्या नोंदीला कायद्याचे बळ द्यावे. पडल्यावर नोंदी शोधणे म्हणजे गरिबाचा हक्क ढिगाऱ्यात शोधणे होय. दुसरी : मुंबईच्या धर्तीवर, पण तेथील दोष टाळून, नाशिकच्या गावठाणासाठी दुरुस्ती निधी उभारावा आणि सिंहस्थाच्या निधीतून त्याचा आरंभ करावा. घाटावरील दिव्यांवर जेवढा खर्च होईल त्याचा काही हिस्सा घाटामागील तुळयांवर झाला तर रामरायाची कृपा कमी होणार नाही. तिसरी : २०१४ च्या पथविक्रेता कायद्याची प्रामाणिक अंमलबजावणी करावी. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांना द्याव्यात, असे तो कायदा सांगतो. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावयाचे आहेत, असेही सांगतो. मेनरोडवर आणि वडाळा-पाथर्डी रस्त्यावर, दोन्हीकडे, जागा आखून द्या आणि मग बेशिस्तीबद्दल दंड करा. आधी दंड आणि मग जागा, हा न्याय नव्हे. चौथी : जुलै २०२१ पासून महापालिकेची स्वतःची बससेवा आहे. तिच्या लहान गाड्या उपनगरांतून थेट शालिमार आणि रविवार कारंजापर्यंत रात्री उशिरापर्यंत धावाव्यात. माल चढविण्या-उतरविण्याच्या वेळा ठरवून देऊन सायंकाळी मेनरोड पायी चालणारांसाठी मोकळा ठेवावा. पाचवी : वाचनालय, शाळा, दवाखाना, सरकारी कचेरी यांपैकी एकही संस्था जागेच्या अडचणीचे निमित्त सांगून गावाबाहेर नेऊ नये. दुकान गेले तर गिऱ्हाईक जाते; संस्था गेली तर नागरिक जातो.

या मागण्यांत महागडे असे फार थोडे आहे. महाग आहे ते लक्ष. सिंहस्थ संपल्यावर त्याचा हिशेब मांडला जाईल, तेव्हा किती कोटी यात्रेकरूंनी स्नान केले आणि किती किलोमीटर रस्ते झाले, हे आकडे मोठ्या अक्षरांत छापले जातील; आम्हीही छापू. पण त्याच पानावर आम्हांस आणखी एक आकडा छापावयाचा आहे : गावठाणातील किती वाडे वाचले आणि किती चुली पेटत्या राहिल्या. नगरपित्यांनी व अधिकाऱ्यांनी तो आकडा आम्हांस द्यावा. तो देता आला नाही, तर बाकीच्या साऱ्या आकड्यांना आम्ही सजावटीचा खर्च म्हणू.

आणि वाचकांना एक विनंती. कायद्याला वेळ लागतो. सवयीला लागत नाही. या बुधवारी, किंवा जमेल त्या दिवशी, घरातील लहान मुलाचा हात धरून गावात या. बोगद्यात थोडे अडकाल, शालिमारला गर्दी असेल, कारंजापाशी कोणाचा तरी धक्का लागेल. भांडी बाजारात एखादा तांब्या हातात घेऊन पाहा, किंमत विचारा, घासाघीस करा, गंगेवर जरा बसा. घरी परतल्यावर ते मूल जर पुन्हा कधी ‘आपण गावात कधी जायचे?’ असे विचारील, तर नगरीचा मध्य अजून जिवंत आहे असे समजावे. ते विचारणार नाही अशी वेळ आपण येऊ दिली, तर तिला बाजारही जबाबदार नसेल आणि जगही नसेल. जबाबदार आपण असू.